यहूदाचे दुःख आणि पेत्राचा पश्चात्ताप

पाप घडल्यावर मनाला होणारे दुःख आणि पश्चात्ताप या दोन वस्तू एक नव्हेत, हा ख्रिस्ती धर्मविचारातील मोठा मार्मिक भाग आहे. धर्मपंडितांनी त्यावर ग्रंथ लिहिले. परंतु तो भेद डोळ्यांना दिसेल असा दाखविला तो डच चित्रकार रेम्ब्रांट याने, एकतीस वर्षांच्या अंतराने काढलेल्या दोन चित्रांत. तीस नाणी परत करणाऱ्या यहूदाचे चित्र १६२९ चे, लायडन येथे ऐन विशीत काढलेले; पेत्राच्या नकाराचे चित्र १६६० चे, आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात असलेले.

ख्रिस्तकथा मराठी ओवीला परकी नाही. फादर स्टीफन्स याचे 'ख्रिस्तपुराण' साष्टीतील राशोल येथे १६१६ मध्येच छापले गेले. तेव्हा प्रसंगाचे स्मरण पुरे आहे. यहूदा आणि पेत्र हे दोघेही येशूच्या बारा शिष्यांपैकी. एकाने रुप्याच्या तीस नाण्यांसाठी गुरूला शत्रूंच्या स्वाधीन केले. दुसऱ्याने त्याच रात्री जिवाच्या भयाने आपण या मनुष्याला ओळखतच नाही असे तीनदा सांगितले. गुरुद्रोह दोघांचाही. पुढे यहूदाने गळफास घेतला आणि पेत्र शिष्यसंघाचा आधारस्तंभ झाला.

आम्हां कायद्याच्या माणसांना हा निकाल प्रथमदर्शनी अन्यायाचा वाटतो. मत्तयाच्या वृत्तांताप्रमाणे यहूदाने गुन्हा कबूल केला, गुरूच्या निर्दोषतेची साक्ष दिली आणि घेतलेली रक्कम परत केली. पेत्राने काय केले? तो बाहेर जाऊन रडला, एवढेच. मग एकाला क्षमा आणि दुसऱ्याला नाश, हे कसे?

पहिल्या चित्रात या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. यहूदा गुडघे टेकून, हात एकमेकांत पिळून बसला आहे. नाणी जमिनीवर विखुरली आहेत. मुख्य याजक हात पुढे करून तोंड फिरवीत आहे. कॉन्स्टंटाइन हायगन्स या समकालीन विद्वानाने या एका आकृतीसाठी रेम्ब्रांटची तुलना प्राचीनांशी केली होती. ती स्तुती अस्थानी नव्हती. तरी हे दुःख काहीसे रंगमंचावरचे आहे, असे आमचे मत आहे. चित्राचे खरे बळ मांडणीत आहे. यहूदा कबुली देतो ती कोणापुढे? आपल्याच कटातील भागीदारांपुढे! चोरीचा माल साथीदाराच्या हवाली करून पावती मागावी, तसाच हा प्रकार. ज्याचा अपराध केला त्याच्याकडे तो वळलाच नाही.

दुसऱ्या चित्रात अश्रूही नाहीत. एल ग्रेकोने पेत्राचे पाणावलेले डोळे पुनःपुन्हा रंगविले. रेम्ब्रांटने मात्र रडू फुटण्यापूर्वीचा क्षण निवडला. दासीने मेणबत्ती वर धरली असून ज्योत तिच्या तळहाताआड आहे. तो उजेड पेत्राच्या मुखावर आणि फिकट वस्त्रावर पडतो. त्याचा हात नकार देत आहे, चेहऱ्यावर मात्र त्या नकाराचे बळ नाही. आणि दूर मागे, अंधारात, बांधलेला येशू मान वळवून पाहत आहे. ही दृष्टी केवळ लूकच्या वृत्तांतात आहे, आणि रेम्ब्रांटने सर्व चित्र त्या दृष्टीवर तोलले आहे. १६५६ मध्ये दिवाळे निघून घर आणि संग्रह गमावलेल्या या वृद्धत्वाकडे झुकलेल्या कलावंताला मोठे हावभाव नकोसे झाले होते, असे मानावयास हरकत नाही.

१५५१ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने खऱ्या अनुतापाची व्याख्या करताना पापाचा तिटकारा आणि पुन्हा पाप न करण्याचा संकल्प यांबरोबर ईश्वरी दयेवरील विश्वासही सांगितला. रेम्ब्रांटच्या प्रॉटेस्टंट हॉलंडला ती सभा मान्य नव्हती. या विश्वासाविषयी मात्र दोन्ही पक्षांत मतभेद नव्हता. आमच्या मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातही पापाचे ख्यापन, अनुताप आणि 'पुन्हा असे करणार नाही' हा निश्चय आहेच. तेव्हा कबुली आणि संकल्प यांत दोन्ही परंपरा जवळ येतात. ख्रिस्ती विचाराचा विशेष भर आहे तो ज्याचा द्रोह केला त्याची दृष्टी सोसण्यावर. यहूदाने ती टाळली आणि आपला न्यायाधीश आपणच होऊन स्वतःला देहान्त शिक्षा दिली.

मग पेत्राची क्षमा स्वस्त ठरते काय? योहान सांगतो की, पुढे सरोवरकाठी येशूने त्याला तू माझ्यावर प्रीती करतोस काय असे तीनदा विचारले, आणि प्रत्येक उत्तराबरोबर कळपाची राखण अंगावर टाकली. तीन नकारांची फेड आयुष्यभराच्या कामाने व्हावयाची होती. अश्रूंनी ऋण फिटले नाही. फेडीला प्रारंभ झाला.

यहूदाला धर्मपंडितांनी क्वचितच दया दाखविली. रेम्ब्रांटने त्याला दोषमुक्त केले नाही. परंतु त्याचे दुःख खोटे होते असेही म्हटले नाही. ते दुःख खरे होते, केवळ एकाकी होते. दोन चित्रे शेजारी ठेवून पाहिली की हा भेद कळतो.