ढोलकीला पैसा कुणाचा?

आपली समीक्षा कवितेतला विद्रोह मोजते, शाहिराच्या चुलीकडं बघत नाही. अण्णाभाऊ 1969 साली हलाखीत गेले. आता त्यांच्या जयंतीला डीजे लावतो.

1972 साली मुंबईत दलित पँथर निघाली. नाव अमेरिकेतल्या काळ्या भावांचं घेतलं. त्या पँथरांनी 1969 पासून ऑकलंडात पोरांना सकाळची फुकट न्याहारी घातली, ती मात्र आपण तिकडंच ठेवली. डेट्रॉईटात डडली रँडल या काळ्या ग्रंथपालानं 1965 साली पदरच्या पैशानं ब्रॉडसाइड प्रेस काढली. आधी एकेका कागदावर एकेक कविता, मग कितीतरी काळ्या कवींची पुस्तकं. कुणाच्या दारात गेला नाही गडी!

इथं लोह्याकडं काय? 14 एप्रिल आला की गायनपार्ट्या सुपारीवरनं भांडतात. एकीची ढोलकी फुटली की दुसरीला बरंच वाटतं. म्हणून सांगतो, सुपारीच्या रुपयातले दहा पैसे एका डब्यात टाका. ढोलकीची पुडी, एस्टीचं भाडं, गायकाचं दुखणं, या अंकाचा कागद, सगळं त्यातनं. डबा कोरसातल्या बायांकडं द्या. पुढाऱ्याकडं तर नकोच. हिशेब चारचौघांत मोठ्यानं वाचा.

माळेगावच्या यात्रेआधी बसू. येताना आपापल्या पार्टीची वही आणा, कोरी असली तरी.