स्तनाच्या कर्करोगात रक्तातील कर्कपेशींची गणना

मूळ गाठीपासून सुटलेल्या कर्कपेशी रुग्णाच्या रक्तात आढळतात, हे ॲशवर्थने १८६९ मध्येच नोंदविले होते. त्यांच्या संख्येवरून रोगाचे भवितव्य वर्तविता येते, हे मत मात्र क्रिस्तोफानिल्ली व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००४ मधील निबंधाने रूढ केले. रोग शरीरात अन्यत्र पसरलेल्या १७७ स्त्रियांपैकी, उपचारापूर्वी ७.५ मिलिलिटर रक्तात पाच वा अधिक पेशी असलेल्यांचे मध्यक आयुष्य सुमारे १० महिने भरले. इतरांचे १८ महिन्यांहून अधिक. भाकीत खरे ठरले, यात शंका नाही. परंतु २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत, पहिल्या औषधक्रमानंतरही ज्यांच्या पेशी घटल्या नाहीत अशा काही स्त्रियांना तत्काळ दुसरी औषधे दिली गेली. आयुष्य वाढले नाही. फ्रान्समधील पुढील चाचणीने, संप्रेरकोपचार की रसायनोपचार हे ठरविताना गणना वैद्याच्या निर्णयाहून उणी पडत नाही, एवढे दाखविले.

पद्धतीतही उणीव आहे. पेशी वेचल्या जातात त्या एपकॅम या पृष्ठप्रथिनाच्या आधारे. ते टाकून दिलेल्या, कदाचित अधिक घातक, पेशी निसटतात. शून्य संख्या म्हणजे अभय नव्हे.

वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था ग्रामीण रुग्णांसाठी उभी आहे. अशा ठिकाणी काखेतील लसीकाग्रंथी, गाठीचा आकार व संप्रेरक-ग्राहके यांचा निर्णय आधी व्हावयास हवा. ग्राहकांची तपासणीच न झालेल्या स्त्रीचे रक्त पेशीगणनेसाठी धाडणे हा क्रमाचा विपर्यास होय.