असुर कोणी ठरवले?

हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये आज आपल्या वस्त्यांतून शिकून आलेली मुलेही संगणकापुढे बसतात. मोबाईल, गेम, सिनेमा यांवर त्यांची मते ठाम असतात. पण ती बहुधा तंत्रापाशी थांबतात. चित्रे सुबक आहेत, लढाई अडखळते, खेळ लवकर संपतो. गोष्ट कोणाच्या बाजूची, हे सहसा कोणी विचारीत नाही.

पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम २०२० साली आला. नायिका राजी ही सर्कशीतली पोर. असुरांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, ती शोधते. खेळकऱ्यांपुढे समाज पैसे टाकतो, त्यांना नायकपण देत नाही. येथे ते दिले, हे मोलाचेच आहे.

पण तिच्या हाती त्रिशूळ येतो दुर्गेकडून, आणि शत्रू ठरतो महाबलासुर. देव तेवढे चांगले, असुर तेवढे वाईट, ही विभागणी गेम मुकाट्याने स्वीकारतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त तीच उलटवली होती. दैत्य ठरवलेला बळी त्यांनी रयतेचा राजा म्हणून उभा केला. महाबलासुर म्हणजे बळी नव्हे. पण असुर दिसला की मारायचा, हा संस्कार तोच.

पुराण ऐकणारा निदान नुसता ऐकतो. गेममध्ये वार स्वतःच्या बोटाने करावा लागतो. म्हणून ही चिकित्सा निकडीची आहे. संगणकाची भाषा आता आपल्या पोरांच्या हाती आली आहे. बळीच्या बाजूची गोष्ट त्यांनीच रचावी.