डिजिटल साक्षरतेची अपुरी व्याख्या : नंदाखाल व पालघर जिल्ह्याच्या संदर्भात

जनगणनेच्या व्याख्येनुसार सात वर्षे व त्यावरील वयाच्या ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता व लिहिता येते, ती साक्षर होय. 'समजून' हा या व्याख्येचा कणा आहे. डिजिटल साक्षरतेची रूढ संकल्पना नेमकी येथेच उणी पडते. २०१७ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाचा भर मुख्यतः उपकरण हाताळणे, इंटरनेट, ई-मेल व रोकडरहित व्यवहार यांवर होता. वस्तुतः पॉल गिल्स्टर यांनी १९९७ मधील 'डिजिटल लिटरसी' या ग्रंथातच यंत्र हाताळण्यापेक्षा आशय पारखण्याला प्राधान्य दिले होते.

ही उणीव केवळ तात्त्विक नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर मत मांडणाऱ्या तरुणीस व त्यास पसंती दर्शविणाऱ्या तिच्या मैत्रिणीस अटक झाली. त्या प्रकरणात लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द ठरविले. तथापि, या घटनेतून तरुणांना 'जपून लिहा' एवढाच धडा देणे म्हणजे त्यांना मौन शिकविणे होय. येथे उणीव लेखनाची नसून मतभेद सहन करीत वाचण्याची होती. पुढे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेतून पाच जणांचा बळी गेला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. मर्यादेने वेग घटतो, विवेक वाढत नाही. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातीलच गडचिंचले येथे अफवांच्या वातावरणात जमावाने तिघांची हत्या केली.

वसई तालुक्यातील नंदाखालसारख्या गावात या प्रश्नाला भाषिक पदर आहे. येथील कुपारी समाजाच्या घरात सामवेदी बोली, तर शाळेत प्रमाण मराठी वा इंग्रजी असते. बोलीतील संदेश आपल्या माणसाचा वाटतो. त्यामुळे तो पारखण्याची गरजच भासत नाही. म्हणून हे शिक्षण संगणक कक्षापेक्षा भाषेच्या वर्गात अधिक शोभेल. संदेशाचा मूळ कर्ता कोण, काळ कोणता, आधार काय आणि तो पुढे धाडल्यास इजा कोणाला, हे चार प्रश्न विचारता यावेत; तोच मजकूर बोलीतून प्रमाण भाषेत आणताना त्याचे वजन कसे बदलते, हे ओळखता यावे. ही क्षमता अभ्यासक्रमात येत नाही, तोवर डिजिटल साक्षरता ही अक्षरओळखीच्या पलीकडे गेली असे म्हणता येणार नाही.