गॅलरीतला सवाल-जवाब



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी 'फुटबॉलच्या गॅलरीतलं गाणं' असं सांगितलं. फोनवर थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "सर, व्याख्यानमाला साहित्याची आहे." मी म्हटलं, मी साहित्यावरच बोलणार आहे. हजारो माणसं एकाच वेळी एकच ओळ म्हणतात, ती दुसऱ्या बाजूला बोचते, तिकडून लगेच उलटी ओळ येते. हे साहित्य नसेल तर मग आम्ही चाळीस माणसांसमोर कविता वाचतो त्याला काय म्हणायचं? (हशा)

तर शाहू स्टेडियम. तुमच्यातले निम्मे तरी तिथं कधी ना कधी ऊन खात बसलेले असणार. छत्रपती शाहू स्टेडियममध्ये वरिष्ठ गटाचे सोळा संघ लीग खेळतात. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, फुलेवाडी आणि बाकीचे. नावं ऐकली की बाहेरच्या माणसाला वाटतं, हे कुस्तीचे आखाडे आहेत. खरंच आहे ते. तालमीतनंच फुटबॉल बाहेर आला. एका तालमीच्या नावावर कुस्ती, गणपती आणि फुटबॉल असं तिन्ही चालतं, हे दुसऱ्या कुठल्या शहरात मला तरी दिसलेलं नाही.

आता एक साधी गोष्ट, जिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. हे सोळाच्या सोळा संघ एकाच मैदानावर खेळतात. जगात दुसरीकडे 'घरचा सामना' म्हणजे काय? आपलं मैदान, आपली माणसं, आणि कोपऱ्यात पाहुण्यांचे चारदोनशे लोक. घरचे गातात, पाहुणे तेवढ्यापुरते ऐकून घेतात. कोल्हापुरात प्रत्येक सामना दोघांच्याही घरचा. मंगळवार पेठ या बाजूला, शिवाजी पेठ त्या बाजूला, दोघंही चालत आलेले, दोघांनाही वाटतं स्टेडियम आपलंच. त्यामुळं आपल्या गॅलरीचा आवाज मुळातच समूहगायनाचा नाही. तो सवाल-जवाबाचा आहे. कलगी आणि तुरा. हे एकदा लक्षात घेतलं की आपल्या गॅलरीचं जे चांगलं आहे आणि जे वाईट आहे, दोन्हीचा उलगडा होतो.

आधी चांगलं. घोषणेला नाव लागतं, आणि सगळी नावं ओरडायला सारखी नसतात. घरी गेल्यावर दार लावून ओरडून बघा. 'शिवाजी' हा शब्द लघु-गुरु-गुरु. पहिल्या अक्षरावर उडी घेतो आणि पुढच्या दोनांवर पाय रोवतो. हजार माणसांनी म्हटला तरी विस्कटत नाही. 'पीटीएम' तीन ठोके, तिन्ही सारखे, हातोडा मारल्यासारखे. पाटाकडील तालीम मंडळ हे भारदस्त नाव गॅलरीत का टिकलं नाही आणि इंग्रजी आद्याक्षरं का टिकली, याचं उत्तर छंदशास्त्रात आहे, इंग्रजीच्या वेडात नाही. 'दिलबहार' शेवटी लांबवता येतो, 'हा' वर पाहिजे तेवढा श्वास सोडा. 'प्रॅक्टिस'ची मात्र पंचाईत. इतकी जोडाक्षरं ओरडायची म्हणजे जिभेचीच प्रॅक्टिस पाहिजे. (हशा) त्या क्लबच्या मंडळींनी रागावू नये, दोष तुमच्या खेळाचा नाही, 'क्ट'चा आहे.

दुसरी जमेची बाजू हजरजबाबीपणा. समोरच्या संघाचा खेळाडू मोकळ्या गोलवरनं चेंडू आभाळात मारतो आणि त्याच सेकंदाला इकडच्या गॅलरीतनं एक वाक्य सुटतं. ते लिहून आणलेलं नसतं, उद्या कुणाला आठवणारही नाही. समोरचे काही वेळ गप्प, मग त्यांचा जवाब. मी एकदा एका सामन्यात फक्त हेच ऐकत बसलो, चेंडूकडे बघितलंच नाही. आमच्या शेजारचे काका म्हणाले, "पावणं, मॅच तिकडं हाय." पण मॅच इकडंही चालली होती.

आता हलगी. हलगीवर मला जरा सावकाश बोलायचं आहे, कारण माझी खरी तक्रार तिथून सुरू होते.

शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधलं. त्या मैदानात कुस्तीला हलगी वाजते ती कशी वाजते, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. हलगीवाला कुस्ती *बघत* वाजवतो. खडाखडी चालली असेल तर हात संथ. पट काढला, की हात चढतो. डाव बसत आला, की टिपरी अशी घाई करते की बघणाऱ्याच्या छातीत धडधड व्हावी. म्हणजे हलगी तिथं शोभेची नाही. ती कुस्तीवरची टीका आहे, अगदी समीक्षा. डोळे मातीवर आणि हात कातड्यावर. आणि हेही सांगितलं पाहिजे, की हे कसब ज्या समाजांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळलं, त्यांना आपण मैदानाच्या कडेला उभं केलं आणि बिदागीवर भागवलं.

हीच हलगी गॅलरीत आली आणि काय झालं? पहिल्या मिनिटाला जो ठेका धरला, तोच नव्वदाव्या मिनिटाला. कॉर्नर मिळाला तरी तोच. आपला बचाव फाटला तरी तोच. वाजवणारा मैदानाकडे पाठ करून नाचणाऱ्या पोरांकडे तोंड करून उभा. मिरवणुकीतली हलगी आहे ती, कुस्तीतली नव्हे. मिरवणुकीला समोर काही घडायचं नसतं, म्हणून तिला एकच ठेका चालतो. फुटबॉलला तो चालत नाही. एकदाच, काही वर्षांपूर्वी, मी एक म्हातारा हलगीवाला ऐकला. डी बाहेर फ्री किक मिळाली आणि त्यानं हात थांबवला. पूर्ण थांबवला. ती बाजू एकदम गप्प झाली. किक घ्यायला पोरगं पळालं तशी त्याची टिपरी त्याच्या पावलांबरोबर पळाली. चेंडू भिंतीला लागला, गोल झाला नाही. पण त्या आठ-दहा सेकंदांत गॅलरी आणि मैदान एक झालं होतं. मला विचाराल तर शाहू स्टेडियममध्ये मी ऐकलेली ती सर्वांत चांगली रचना.

या एकसुरीपणाला आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या गणपतीत सापडतं. हीच मंडळं, हीच पोरं. विसर्जन मिरवणुकीत साउंड सिस्टीमच्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हापासून एक आख्खी पिढी आवाज *काढायला* नाही, आवाज *अंगावर घ्यायला* शिकली. जिंकायचं म्हणजे मोठा आवाज. पुढच्याचा आवाज बुडवायचा. सवाल-जवाबात याला जागाच नव्हती. तिथं समोरच्याचं ऐकावंच लागायचं, नाहीतर जवाब कशाला देणार?

आता त्या सवाल-जवाबाचे नियम आठवा. समोरच्यानं ज्या चालीत सवाल टाकला त्याच चालीत जवाब. कूट घातलं असेल तर ते सोडवून दाखवायचं. उत्तर आलं नाही तर हार मान्य करायची. गॅलरीनं त्यातली ईर्षा ठेवली आणि नियम सोडून दिले. म्हणून दोन गोल बसले, की जवाब संपतो आणि आई-बहीण सुरू होते. मी ते शब्द इथं उच्चारणार नाही, तुम्हाला माहीत आहेत. नैतिक तक्रार बाजूला ठेवतो, ती पोलीस करतात. माझी तक्रार समीक्षकाची आहे. शिवी ही सवाल-जवाबातली हार आहे. सुचायचं बंद झालं, की शिवी येते. नाद खुळा म्हणतो ना आपण? इथं नाद संपतो आणि नुसता खुळा उरतो.

आणि मग पुढचं. बाटली, दगड, लाठी, थांबवलेला सामना. दुसऱ्या दिवशी पेपरात 'हुल्लडबाजी' हा ठरलेला शब्द. कलकत्त्यात १६ ऑगस्ट १९८० ला मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात ईडन गार्डन्सवर गॅलरीत मारामारी झाली, चेंगराचेंगरीत सोळा माणसं मेली. त्याच बंगालमध्ये १९७१ च्या एका चित्रपटात मन्ना डे यांनी फुटबॉलवर गायलेलं गाणं घराघरात होतं. तेव्हा गाणं असलं की सगळं आपोआप निस्तरतं असं मी म्हणत नाही. आपल्याकडे तेवढं टोकाला गेलेलं नाही. पण एकोणीस-वीस वर्षांच्या पोरावर गुन्हा नोंद होतो, आणि नंतर नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा दाखला काढायला गेला, की ती एक दुपार समोर येते. आमच्या गल्लीतलं एक पोरगं गोलकीपर होतं. त्याची आई पहिल्या वर्षी डबा घेऊन सामन्याला यायची. गोलकीपर गॅलरीच्या सगळ्यात जवळ उभा असतो, त्याच्या आईबद्दल गॅलरी काय म्हणते ते तिनं एकदा ऐकलं. त्यानंतर ती आली नाही. पोरगं आणखी तीन सीझन खेळलं.

लिव्हरपूलचं उदाहरण सगळे देतात, मीही देतो, पण वेगळ्या कारणासाठी. 'यू विल नेव्हर वॉक अलोन' हे त्यांचं गाणं फुटबॉलचं नाहीच. १९४५ च्या 'कॅरोसेल' या संगीत नाटकातलं आहे. नवरा मेलेल्या बाईला धीर द्यायला दुसरी बाई ते गाते. १९६३ मध्ये लिव्हरपूलच्याच एका बँडनं त्याची तबकडी काढली आणि गॅलरीनं ते उचललं. म्हणजे ही माणसं दर आठवड्याला एक शोकगीत गातात! २००५ च्या युरोपच्या अंतिम सामन्यात इस्तंबूलला मध्यंतराला मिलानचे तीन गोल, यांचा एकही नाही. आणि यांची गॅलरी गात होती. पुढं सामना बरोबरीत आणून पेनल्टीवर जिंकला, ती गोष्ट वेगळी. गाण्यामुळं जिंकले असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मला रस आहे तो त्या पंधरा मिनिटांत. तीन गोल खाल्ल्यावर तोंडात घालायला त्यांच्याकडे शब्द होते. कोल्हापूरच्या गॅलरीकडे जिंकताना शब्द आहेत, चिडवताना शब्द आहेत. हरताना एकही नाही. ज्या संघासाठी गळा फाडायचा, त्याच्याशी बोलायलाच आपल्याकडे ओळ नाही. सगळ्या ओळी समोरच्यासाठी.

कुणी म्हणेल, मग करा की एक गाणं. कवीला सांगा, स्पीकरवर लावा. नको. तसली गाणी मी व्यावसायिक लीगच्या मैदानांवर ऐकली आहेत, स्पीकर बंद झाला की गाणं बंद. आणि आपल्याला बाहेरून आणायचीही गरज नाही. कोल्हापूरचा कान काही साधा नाही. अल्लादिया खाँसाहेब इथं दरबारात गायले. खासबागेला लागून नाट्यगृह उभं आहे, तेही शाहू महाराजांचंच, २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत सापडलं तेव्हा पेठांतली माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. कुस्तीची हलगी आणि नाटकाचं गाणं यांच्यामध्ये एक भिंत होती फक्त.

आणि इथनं, या तालुक्यातनंच, जोतिबाचा डोंगर बघा. चैत्र यात्रेला सासनकाठ्या नाचतात, गुलालानं डोंगर गुलाबी होतो, आणि एक माणूस हाक देतो, लाखो माणसं 'चांगभलं' म्हणतात. त्या आवाजाचा बारकावा बघा. 'चांग'वर जोर, 'भलं'वर आवाज सोडून द्यायचा. तो कुणाच्या विरोधात नाही. पीक बुडालेला माणूसही म्हणतो, पीक आलेलाही म्हणतो. शाहू स्टेडियमच्या गॅलरीतली किती पोरं त्या डोंगरावर जात असतील? म्हणजे गळा तोच आहे. रविवारी डोंगरावर एक बोलतो आणि सोमवारी गॅलरीत दुसरं.

पोवाड्याचंही तसंच. शाहीर एकटा गात नाही, मागं झीलकरी असतात. शाहिराचा श्वास संपतो तिथं ते 'जी जी जी' करून ओळ उचलतात, पडू देत नाहीत. गॅलरी ही झीलकऱ्यांची जागा आहे असं मला वाटतं, शाहीर मैदानात पळतोय. आणि आपण कुठं बसलोय ते विसरू नका. या गडावरच्या ज्या रात्रीचे पोवाडे आपण गातो, ती १६६० च्या जुलैमधली रात्र विजयाची नव्हती. चार महिन्यांचा वेढा, पावसात निसटणं, शिवा काशीद गेला, खिंडीत बाजीप्रभू पडले. पुढं गडही सोडून द्यावा लागला, तो परत मिळाला १६७३ ला. तरीही दर पावसाळ्यात हजारो पोरं इथून पावनखिंडीपर्यंत चिखलातनं चालत जातात, आणि गातात. त्यात पेठांतली पोरं असतात, मी विचारलंय. एकाच्या अंगावर त्याच्या संघाची जर्सी होती. त्याला मी विचारलं, "गेल्या सीझनला फायनल हरल्यावर काय गायलात रे?" तो हसला. म्हणाला, "काय गाणार सर? घरी गेलो. मोबाईल बंद केला."

वेळ झाली असं संयोजक खुणावतायत, आणि खाली उतरणाऱ्यांना गाडी गाठायची आहे. प्रश्न असतील तर दोन-तीन घेऊ. मागं ते जर्सीवाले हात वर करतायत, त्यांना आधी माईक द्या. बहुतेक प्रॅक्टिसचे असावेत.