घोडखिंड आणि थर्मापिली : एका उपमेची परीक्षा

घोडखिंडीस ‘महाराष्ट्राची थर्मापिली’ व बाजी प्रभु देशपांडे यांस ‘लिओनिडास’ म्हणण्याचा प्रघात आपल्या लेखनांत चांगलाच रुळला आहे. उपमा गौरवाची खरी. परंतु काव्यांत उपमान शोभा देतें, इतिहासांत तें पुराव्याची जागा घेऊं लागलें म्हणजे धोका असतो. म्हणून तिची एकवार परीक्षा करणें इष्ट आहे.

साधर्म्य उघड आहे. इ. स. पू. ४८० मध्यें इराणचा बादशहा झर्क्सीस ग्रीसवर चालून आला, तेव्हां डोंगर व समुद्र यांमधील अरुंद वाटेवर स्पार्टाचा राजा लिओनिडास यानें त्यास अडविलें. जुलै १६६० मध्यें सिद्दी जौहराचा वेढा चुकवून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडास जात असतां बाजींनीं खिंड रोखून देह ठेविला.

वैधर्म्य मात्र अधिक बोधप्रद आहे. थर्मापिलीस राजा पडला, वाटही गेली व पुढें अथेन्स जळालें. निकाल लागला तो सालामिस व प्लाटिया येथें. घोडखिंडींत सेवक पडला व राजा वांचला. हेतु तेथेंच सिद्धीस गेला. एकाचें मोल पुढील विजयावर ठरलें, दुसऱ्याचें त्याच दिवशीं ठरलें.

आतां संख्या. हिरोडोटसानें इराणी लढवय्ये २६,४१,६१० सांगितले. तें आज कोणी मानीत नाहीं. ग्रीकांची त्याची गणना मात्र नगरवार आहे : स्पार्टाचे ३००, थेस्पियाचे ७००, थीब्जचे ४००, इत्यादि. शेवटच्या दिवशीं थेस्पियाचे लोक स्वखुशीनें मागें राहून मेले. कीर्ति झाली ती ३०० स्पार्टनांची. आपल्याकडेही खिंडींत ३०० मावळे सांगण्याची रूढि आहे. आंकडा खोटा, असें आमचें म्हणणें नाहीं. पण उपमानाशीं तो इतका जुळतो, म्हणूनच कोणत्या कागदांत व कोणत्या काळच्या अक्षरांत तो प्रथम दिसतो, हें पाहिल्यावांचून पुढें उतरून घेऊं नये.

उपमेचा खरा उपयोग येथेंच आहे. बाजी हे हिरडस मावळच्या बांदल देशमुखांच्या पदरचे, आणि त्यांजबरोबर लढली ती बांदलांची जमात. लिओनिडासाच्या तेजांत थेस्पियाचे सातशें झांकले, तसे बाजींच्या तेजांत हे बांदल झांकले आहेत. बाजींचें यश त्यामुळें अणुमात्र उणें होत नाहीं. पण सोबत मेलेल्यांचें ऋण मात्र तसेंच राहतें.

तें फेडण्याचें साधन संग्राहकांच्या हातीं आहे. कारीच्या जेध्यांच्या दप्तरांतील शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केली, तेव्हां शिवजन्माची तिथि नव्यानें तपासावी लागली. एका घरच्या कागदाचें एवढें सामर्थ्य! मावळांतील दप्तरांत बांदलांविषयीं जें सांपडेल तें मूळ अक्षर, शिक्का व मिति यांसह, कांहीं न गाळतां छापावें. ग्रीकांची उपमा त्यानंतर द्यावी. तोंवर ती द्यावयाची घाई नाहीं.

वागळे इस्टेट, ठाणें