चवीपुरते मीठ

पाककृती हा साहित्यप्रकार आहे काय, हा प्रश्न आपल्या समीक्षेने कधी गंभीरपणे विचारलेला नाही. ओवी, पत्र, दैनंदिनी यांना तिने, उशिरा का होईना, आपल्या दालनात जागा दिली. पाककृती मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआतच राहिली. अलीकडे आठवणीपर लेखनाच्या निमित्ताने ती बाहेर येऊ लागली आहे. आजीचे पोळे, आईची तांदळाची भाकरी, मिस्साहून परतल्यावरची रविवारची न्याहारी यांविषयीचे लेख नाताळ अंकांतून आणि पॅरिशच्या स्मरणिकांतून वरचेवर वाचावयास मिळतात. एकेकटा वाचला तर यांतील प्रत्येक लेख गोड वाटतो. ओळीने दहा वाचले की साम्य खटकू लागते. तोच चुलीचा धूर, तेच सुरकुतलेले हात, आणि अखेरीस ‘ती चव आता उरली नाही’ हा उसासा. चव नेमकी कशाने गेली, याचा शोध मात्र क्वचितच घेतलेला आढळतो. या लेखनाकडे थोडे कठोरपणे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पाककृतींचे छापील पुस्तक आणि आठवणीतील पाककृती यांतील भेद प्रथम लक्षात घ्यावयास हवा. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली. या पुस्तकांचे ऋण मोठे आहे. सासू-आईपासून दूर, शहरातील दोन खोल्यांत संसार मांडणाऱ्या मुलीला विचारावयास कोणी नव्हते; तिला या पुस्तकांनी हात दिला. ‘रुचिरा’ने तर वाटी-चमचा ही घरातलीच मापे प्रमाण मानली आणि स्वयंपाकाची भाषा सोपी केली. अशा पुस्तकाची कसोटी सरळ आहे. सांगितल्याप्रमाणे केले असता पदार्थ साधला पाहिजे.

तरीही कोणत्याही पुस्तकात काही जागा रिकाम्या राहतातच. ‘लागेल तेवढे पाणी’, ‘पीठ रात्रभर आंबू द्यावे’, ‘चवीपुरते मीठ’ या त्या जागा. नवा तांदूळ पाणी कमी पितो, जुना अधिक; तेव्हा पाण्याचे माप तांदळाचे वय जाणणाऱ्या हातातच असते. वैशाखातली रात्र आणि पौषातली रात्र पिठाच्या दृष्टीने सारखी नसते. उन्हाळ्यात पहाटेपूर्वीच पीठ वर येते. थंडीत भांडे गोधडीत गुंडाळून चुलीजवळ ठेवावे लागते. या रिकाम्या जागा भरणे हे वस्तुतः आठवणीपर लेखनाचे काम. पुस्तक जेथे थांबते तेथे आठवणीने बोलावे, अशी आपली रास्त अपेक्षा असते. आपले लेखक मात्र नेमके तेथेच गहिवरून गप्प होतात.

आपल्या किनाऱ्यावरील न्याहारीचेच उदाहरण घेऊ. गोव्याच्या सान्नांत आणि उत्तर कोकणातील ख्रिस्ती घरांच्या सांदणांत पीठ फुगवण्यासाठी ताडी-माडी घालण्याची रीत होती. माडीत खमीर आपोआप असते. ते साखरेवर वाढते, त्यातून वायू सुटतो आणि पीठ हलके होते. परंतु माडी ताजी हवी. जसजशी ती आंबत जाते तसतशी तिची चव शिरक्याकडे झुकते. म्हणजे एका सांदणामागे झाडावर चढणारा माणूस, त्याची वेळ आणि त्याच्याशी असलेला घराचा व्यवहार एवढे सारे उभे आहे. झाडे तुटली, चढणारे कमी झाले, आणि बाजारचे यीस्ट आले. सांदण फुगायचे थांबले नाही. त्याचा आंबूस गोडवा तेवढा बदलला. ‘ती चव उरली नाही’ असे लिहिणाऱ्याने एवढा हिशेब मांडला असता तर त्याच्या उसाशाला वजन आले असते.

भाषेचाही हिशेब राहून गेला आहे. मुंबई परिसरातील आपल्या बांधवांनी १८८७ साली ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. त्यांच्या घरची बोली मराठीचीच. पाककृतींची पुस्तके मात्र प्रामुख्याने इंग्रजीत निघाली. मूठ, पसा, चिमूट, ओंजळ या मापांना तेथे कप आणि टीस्पून झाले. पदार्थ वाचला हे खरेच, आणि त्याबद्दल त्या संपादकांचे आभारच मानले पाहिजेत. पण ज्या शब्दांत आई मुलीला तो शिकवीत होती ते शब्द कागदावर उतरले नाहीत. हे काम मराठीत लिहिणाऱ्यांचे होते आणि ते अजून पुष्कळसे बाकी आहे.

आता रविवारच्या न्याहारीकडे वळू. या न्याहारीची गोडी आपण सारे वर्णितो. तिच्यामागील नियम कोणी आठवीत नाही. पूर्वी ख्रिस्तप्रसाद स्वीकारणाऱ्याला मध्यरात्रीपासून उपास असे आणि त्यात पाणीही वर्ज्य होते. १९५३ साली पोप बारावे पायस यांनी पाण्याची मुभा दिली. १९५७ साली घन आहारासाठी उपासाची मर्यादा तीन तासांची केली. १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी ती एका तासावर आणली. म्हणजे त्याआधीच्या पिढ्यांची रविवारची न्याहारी ही शब्दशः उपास सोडणे होते. मिस्साहून परतताना लागलेली ती कडकडीत भूक हाही त्या चवीतील एक जिन्नस होता. आपण तो यादीत लिहीत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. चारला उठून चूल पेटवणारी बाई स्वतः त्याच उपासात असे. धुरात डोळे चोळीत ती चटणी वाटी, कालचे कालवण ऊन करी, पोळ्यांचे पीठ सारखे करी. आणि यांतले काहीही तिला चाखता येत नसे. बोटावरचा कण जिभेला लावला तरी तिचा प्रसाद चुकला असता. माझ्या आजीने नियम सैल झाल्यानंतरही आपला क्रम सोडला नाही. ‘मीठ बरोबर आहे हे तुला कसं गं कळतं?’ असे मी एकदा विचारले, तेव्हा ‘हाताला कळतं’ एवढेच ती म्हणाली. ‘चवीपुरते मीठ’ या शब्दप्रयोगाचा अर्थ मला त्या दिवशी कळावयास हवा होता. तो कळण्यास पुष्कळ वर्षे गेली.

अन्नाविषयी मराठीत खरेपणाने कसे लिहावे, याचा आदर्श दूर शोधावयास नको. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई टिळकांनी त्यांत वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक आणि त्यापायी झालेली घरच्यांची फरपट हसत हसत सांगितली आहे. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. पुढे त्यांच्याकडे राहावयास आल्यावरही लक्ष्मीबाई काही काळ सोवळे-ओवळे सांभाळीत होत्या. ते बंधन मनातून कसे सुटत गेले, हेही त्या अन्नपाण्याच्या साध्या प्रसंगांतून दाखवितात. त्या प्रॉटेस्टंट परंपरेतील. पण हा वारसा आपला सर्वांचाच आहे. त्यांच्या लेखनात स्वयंपाकघर हे रम्य स्थळ नाही. तेथे भूक, धाक, विनोद आणि स्वतःची चूक ही चारही एका पंक्तीला बसतात.

याहून जुना आदर्श योहानकृत शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. पुनरुत्थित येशू सरोवराच्या काठी कोळशाचा विस्तव करून मासळी आणि भाकर घेऊन शिष्यांची वाट पाहतो आणि त्यांना न्याहारीला बोलावतो. कोळशाच्या विस्तवासाठी तेथे वापरलेला मूळ ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात केवळ दोनदा येतो. पहिला प्रसंग अठराव्या अध्यायातील आहे. तेथे अशाच विस्तवापाशी शेकत उभा असताना पेत्राने गुरूला नाकारले होते. न्याहारीच्या त्या निखाऱ्यांजवळ बसताना पेत्राला काय आठवले असेल, हे योहान सांगत नाही. न्याहारीनंतर येशू त्याला तीन वेळा प्रेमाविषयी विचारतो, एवढेच तो लिहितो. आठवण आणि अन्न यांचे नाते इतक्या थोड्या शब्दांत मी अन्यत्र वाचलेले नाही. येथे अन्न आठवण गोड करीत नाही. ते माणसाला आपल्या नकारासमोर बसवते आणि तेथेच त्याला जेवूही घालते.

ही कसोटी इतरांना लावण्यापूर्वी स्वतःला लावणे भाग आहे. आजीच्या पोळ्यांवर एक लेख मीही एका स्मरणिकेत लिहिला होता. त्यात केळीचे पान होते, खापरी होती, धूरही होता. एक गोष्ट मी वगळली. शाळेत माझ्या वर्गातील काही मुले पाव-लोणी आणीत. एकाने माझ्या पानातली पुडी पाहून काय आणलेस असे विचारले, तेव्हा मी ‘काही नाही’ म्हणालो. पुडी तशीच घरी आली. आजीने कारण विचारले नाही. संध्याकाळी गार झालेले ते पोळे तिने चहात बुडवून खाल्ले, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी बेकरीचा पाव येऊ लागला. हे न लिहिता त्या पोळ्यांची आठवण काढणे म्हणजे माझ्याच सोयीची पाककृती लिहिणे होते. वाचकांना लेख आवडला. तो खोटा नव्हता, अपुरा होता.

घरच्या न्याहारीविषयी जे लिहितील त्यांच्याकडून म्हणून एवढे मागणे आहे. तांदूळ कोठला, पीठ कोणी वाटले, चूल कोणी पेटवली, शेवटी कोण जेवले आणि आपण कोणते ताट परत केले, हे लिहावे. त्याने गोडी कमी होणार नाही, आणि आपल्या नातवंडांना पदार्थाबरोबर घरही मिळेल.

आजीच्या पोळ्यांची कृती मी पुन्हा लिहावयास घेतली आहे. तांदूळ, उडीद, पाणी, रात्र ही मापे जमतील तशी मांडली आहेत. मिठापुढे या वेळी ‘चवीपुरते’ असे लिहिलेले नाही. ‘न चाखता’ असे लिहिले आहे.